बेने इस्रायल पुढाऱ्याच्या घरचे कागद: लावायचे कसे, जपायचे कसे

एखाद्या कंपनीत वरच्या पदापर्यंत पोचलेला किंवा स्वतःचा व्यवसाय उभा केलेला, आणि त्याच वेळी प्रार्थनालयाचा विश्वस्त, शाळेच्या समितीचा सभासद, दफनभूमीच्या कामात पुढे, मदतनिधीचा खजिनदार असा चार ठिकाणी राबणारा माणूस मुंबई, ठाणे, पुणे, पनवेल, अलिबागच्या बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजात पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. त्याच्या माघारी घरात उरतात ते कागद: गोदरेजच्या कपाटातल्या फायली, पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंका, माळ्यावर सुतळीने बांधलेले गठ्ठे. मुले इस्रायलमध्ये, इमारत पुनर्विकासाला निघालेली आणि जागा रिकामी करायला जेमतेम दोन महिने. अशा वेळी कागद एक तर रद्दीत जातात, नाही तर नातेवाइकांत वाटले जातात.

वाटून घेणे हेही नुकसानच आहे. कंपनीच्या लेटरहेडच्या पाठीवर प्रार्थनालयाच्या छपराचा हिशेब असतो, मालाच्या ऑर्डरच्या फायलीत एखाद्या गरजू मुलाला नोकरी लावण्याबद्दलचे पत्र असते. त्याचा धंदा आणि त्याचे समाजकार्य एकाच टेबलावर चालत होते. हे कागद एकत्र राहिले तरच तो माणूस आणि त्याच्यामागचा समाज कळतो. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग देश सोडून गेला, संस्थांची दप्तरे विस्कळीत झाली, आणि बऱ्याच गोष्टींची नोंद आता फक्त अशा घरांतच सापडते. म्हणून घाईतसुद्धा पुढचा क्रम सोडू नये.

हात लावण्याआधी

काहीही हलवण्याआधी प्रत्येक कप्प्याचा, ट्रंकेचा आणि गठ्ठ्याचा जागेवरच फोटो काढा. कपाटाला ‘क’, ट्रंकांना ‘ट१’, ‘ट२’, माळ्याला ‘म’ अशी खूण द्या. कपाटाच्या वरून तिसऱ्या कप्प्यातली डावीकडून पाचवी फाइल म्हणजे क/३/५. हा क्रमांक पेन्सिलीने एका चिठ्ठीवर लिहून फायलीत सरकवा. पुढे कितीही फेरफार झाले तरी ती मुळात कुठे होती हे या चिठ्ठीमुळे कळते.

त्यानंतर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. मावशी, आत्या, धाकटा भाऊ, जे कोणी असतील ते. मोबाइलवर ध्वनिमुद्रण लावा आणि फोटो दाखवून नावे विचारा. एका बैठकीला तास-दीड तास पुरे, त्यापुढे माणूस थकतो आणि अंदाजाने बोलू लागतो. हे काम यादीच्या आधी करायचे, नंतर नाही. कागद आणखी दहा वर्षे टिकतील, पण फोटोतल्या दुसऱ्या रांगेतली बाई कोण हे सांगणारे माणूस तोवर असेलच असे नाही.

पैशाचे मूल्य असलेले कागद लगेच वेगळे काढा: शेअर सर्टिफिकेट, मुदत ठेवीच्या पावत्या, विमा पॉलिसी, जागेचे करार, भाडेपावत्या. सलग सात वर्षे लाभांश न घेतलेले शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे वर्ग होतात. ते परत मागता येतात, पण त्यासाठी जुने सर्टिफिकेट आणि वारसाची कागदपत्रे लागतात. हे सगळे वारसांच्या ताब्यात द्या आणि मूळ जागी ‘काढले, अमुक तारखेला, अमुक कागद’ अशी चिठ्ठी ठेवा.

सामान किती लागेल

गच्च भरलेल्या एका गोदरेज कपाटात साधारण चार मीटर कागद असतो. फायली उभ्या लावल्या की रांगेची जी लांबी होते, ते हे माप. सुमारे साडेबारा सेंटिमीटर जाडीच्या पेट्या घेतल्या तर मीटरला आठ, म्हणजे बत्तीस पेट्या लागतात. प्रत्येकीत दहा ते पंधरा फोल्डर धरा, म्हणजे चारशेच्या आसपास. पेट्या आणि फोल्डर आम्लविरहित कागदाचे असावेत. तेवढे परवडत नसेल तर फोल्डर आम्लविरहित घ्या आणि बाहेरची पेटी साधी चालवून घ्या. कागदाला थेट चिकटून राहतो तो फोल्डरच.

याशिवाय २बी किंवा ४बी पेन्सिली, पांढरी सुती फीत, दोन इंची मऊ ब्रश, टाचण्या उचकटायला पातळ बोथट पट्टी, नायट्राइल हातमोजे, एन-९५ मास्क आणि आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र. फोटोंसाठी पॉलिस्टरची पाकिटे घ्या. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटे पीव्हीसीची असतात. त्यातून निघणारी रसायने काही वर्षांत फोटो खराब करतात आणि चिकटवून टाकतात.

ओल, बुरशी, वाळवी

कोकणपट्टीत कागदांचा सर्वांत मोठा शत्रू पावसाळा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि जुलैत मुंबईत ती बहुतेक दिवस ८०च्या वर असते. भिजलेल्या कागदावर दोन ते तीन दिवसांत बुरशी दिसू लागते. म्हणून ओला गठ्ठा सापडला की बाकीचे काम थांबवून आधी त्याच्याकडे वळा. पाने सुटी होत असतील तर टिपकागदावर सावलीत पसरा आणि पंखा लावा, पण त्याचा झोत कागदावर नको, भिंतीकडे वळवा. पाने चिकटली असतील तर ओढू नका. गठ्ठा तसाच पॉलिथिनच्या पिशवीत बंद करून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि तज्ज्ञ मिळेपर्यंत वेळ मिळतो.

आपल्याकडे जुने कागद उन्हात घालायची सवय आहे. ती सोडावी. कडक उन्हात शाई फिकी पडते, कागद पिवळा आणि ठिसूळ होतो, आणि वृत्तपत्राचा कागद तर काही तासांतच रंग बदलतो. बुरशी पूर्ण वाळल्यावर, म्हणजे ती हिरवट चिकट न राहता भुकटी झाल्यावरच, घराबाहेर मास्क लावून मऊ ब्रशने झटका. ओली असताना पुसली तर डाग कागदात खोल जातो.

कसर, झुरळे किंवा पुस्तककिडे असतील तर कोरडे कागद पॉलिथिनमध्ये दोनदा गुंडाळून, हवा काढून, चिकटपट्टीने बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा. उणे २० अंश सेल्सिअसला आठवडाभर, घरगुती डीप फ्रीजरला दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाही तर थंड कागदावर हवेतले पाणी साचते. फोटो, काचेच्या निगेटिव्ह आणि चर्मपत्र मात्र गोठवू नका. चर्मपत्रावर असते काय? मेझुझातली, म्हणजे दाराच्या चौकटीवर लावायच्या डबीतली, गुंडाळी, तेफिल्लीनच्या, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी कपाळाला आणि हाताला बांधायच्या डब्यांच्या, आतल्या पट्ट्या आणि काही घरांत केतुबा, म्हणजे लग्नाचा करार.

डांबरगोळ्यांनी बुरशी मरत नाही, किडेही नीटसे मरत नाहीत, आणि त्या खोलीत काम करणाऱ्याचे डोके दुखते. त्यापेक्षा पेटीभोवती हवा खेळती ठेवा, पेटी बाहेरच्या भिंतीपासून हातभर लांब ठेवा, आणि जमिनीपासून किमान पंधरा सेंटिमीटर उंच. वाळवी भिंतीतून आणि जमिनीतून येते.

कोणाचे काय

घरात सापडलेला प्रत्येक कागद घराचा नसतो. याच मुद्द्यावर पुढे सर्वांत जास्त तंटे होतात.

प्रार्थनालय, दफनभूमी आणि शाळा यांचे विश्वस्त मंडळ सहसा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेले असते. त्याची मूळ मिनिट बुके, पावतीपुस्तके, लग्नांची आणि दफनांची नोंदवही, देणगीचे मूळ दस्त हे विश्वस्त मंडळाच्या मालकीचे. खजिनदाराने ते सोयीसाठी घरी ठेवले म्हणून ते त्याचे होत नाहीत. तीच गोष्ट कंपनीच्या कागदांची. कंपनीची कार्यवृत्ते कायमची जपायची असतात आणि हिशेबाच्या वह्या किमान आठ आर्थिक वर्षे, ही कंपनी कायदा, २०१३ मधली तरतूद आहे. अशा वह्या सापडल्या तर लेखी यादी करून, पोच घेऊन परत द्या. परत देण्याआधी स्कॅन करा, आणि कपाटात त्यांच्या जागी चिठ्ठी ठेवा.

त्याच्या हातच्या नकला, सभेत घेतलेली टिपणे, मसुदे आणि त्याला आलेली पत्रे मात्र त्याच्या व्यक्तिगत संग्रहाचा भाग. कंपनीच्या लेटरहेडवर लिहिलेले पण प्रार्थनालयाच्या कामाचे पत्र कुठे ठेवायचे? त्याने जिथे ठेवले तिथेच.

आणखी एक भेद लक्षात ठेवा: आलेल्या पत्राचा कागद घराचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. भारतात तो साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, पण त्याच्या हयातीत न छापलेल्या मजकुराची साठ वर्षे पहिल्या छपाईपासून धरतात. पत्रे जपायला आणि यादीत घ्यायला याची आडकाठी नाही. ती छापायची किंवा इंटरनेटवर टाकायची ठरवाल तेव्हा हा प्रश्न येतो.

त्याचा क्रम मोडू नका

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे सगळे कागद खोलीभर पसरून विषयवार ढीग लावणे. ते नीटनेटके दिसते, पण त्यात माहिती हरवते. त्याने दफनभूमीच्या जागेची फाइल महापालिकेच्या पत्रांशेजारी ठेवली असेल तर त्यामागे कारण असते. एका वर्षाच्या गठ्ठ्यात कापडाच्या भावाचे पत्र आणि शाळेच्या फीमाफीची यादी एकत्र असेल, तर त्या आठवड्यात तो कशात गुंतला होता हे त्या शेजारावरूनच कळते.

म्हणून नियम असा: त्याने लावलेला क्रम दिसत असेल तर तोच ठेवा, वर्षानुसार असो वा व्यक्तीनुसार. विषयाने शोधण्याची सोय यादीत करा, कपाटात नाही. घरच्यांनी कागद हलवून क्रम पूर्णपणे मोडलेला असेल तरच नवे विभाग पाडा. त्यासाठी सहा विभाग पुरतात: व्यक्तिगत व कौटुंबिक, उद्योग-व्यवसाय, समाजकार्य, सामान्य पत्रव्यवहार, भाषणे व लेख, फोटो व छापील साहित्य. समाजकार्याच्या विभागात प्रत्येक संस्थेला स्वतंत्र उपविभाग द्या. ‘विविध’ नावाचा विभाग काढू नका. एकदा काढला की त्यातच अर्धा संग्रह जातो.

समाजकार्यात काय सापडू शकते याची कल्पना असावी, म्हणजे ते नजरेतून सुटत नाही. बेने इस्रायल परिषद १९१७ साली सुरू झाली, ऑल इंडिया इस्रायलाइट लीग त्यानंतर लगेच. त्यांच्या छापील ठरावांच्या प्रती जुन्या घरांत निघतात. १९३४ साली मुंबईत ज्युइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. नाझी राजवटीतून पळून आलेल्यांसाठी ती हमी देत असे, त्यामुळे त्या काळात समाजात वावरणाऱ्या माणसाच्या फायलीत जर्मन नावांची पत्रे आढळली तर ती बाजूला टाकू नका. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमधल्या रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, मंडळाने बेने इस्रायल लोकांच्या विवाहांबद्दल शंका घेतली, आणि १९६४ साली जेरुसलेममध्ये मोठे आंदोलन झाले. त्या वर्षांत मुंबईहून दाखले, वंशावळी आणि प्रतिज्ञापत्रे पाठवली गेली. त्यांच्या कार्बन प्रती इथल्या घरात असू शकतात. पातळ, धूसर, इंग्रजी टंकलिखित दिसतात म्हणून बरेच जण त्या रद्दीत टाकतात.

ईश्वराचे नाव असलेले कागद

यहुदी परंपरेत ईश्वराचे नाव लिहिलेला कागद फाडत नाहीत, जाळत नाहीत, रद्दीत देत नाहीत. तो गेनिझात, म्हणजे प्रार्थनालयातल्या राखीव जागेत, ठेवतात आणि पुढे विधीपूर्वक पुरतात. म्हणून प्रार्थनापुस्तकांची सुटी पाने, फाटकी हग्गादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी), मेझुझाच्या गुंडाळ्या यांच्यासाठी पहिल्या दिवसापासून एक स्वतंत्र स्वच्छ खोके ठेवा. कोणते पुरायचे आणि कोणते जपायचे हे प्रार्थना चालवणाऱ्या हाझानला विचारा. पण पुरण्याआधी प्रत्येक पान पाहा. मराठी भाषांतरासह छापलेली एकोणिसाव्या शतकातली हग्गादा असेल तर ती पुरायची नाही, जपायची. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात अशा हग्गादा छापल्या गेल्या, आणि त्यांच्या प्रती आता फार थोड्या उरल्या आहेत. प्रार्थनापुस्तकाच्या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यूच्या नोंदीही करत असत.

पत्राच्या डोक्यावर उजव्या कोपऱ्यात दोन हिब्रू अक्षरे दिसतात, बेत आणि हे. ते ‘ईश्वरकृपेने’ अशा अर्थाचे संक्षिप्त रूप आहे. तेवढ्यावरून व्यवसायाचे पत्र गेनिझात घालायची गरज नसते. शंका आली तर विचारा, पण पत्र संग्रहातून काढू नका.

याच रिवाजाने कैरोजवळच्या फुस्तातमधल्या प्रार्थनालयात व्यापाऱ्यांची शेकडो वर्षांची पत्रे टिकली. त्यांत बाराव्या शतकात मंगळूरला राहून व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजू याचीही पत्रे आहेत, लोखंड, मिरी, सुपारी आणि घरच्या काळज्या यांच्यासकट. एका व्यापाऱ्याच्या कागदांची किंमत पुढच्यांना किती वाटू शकते हे त्यावरून समजावे.

एक माणूस, तीन नावे

यादी करताना सर्वांत जास्त चुका नावांत होतात. मुंबईतले पहिले प्रार्थनालय, शार हरहमीम, १७९६ मध्ये ज्यांनी बांधले ते इंग्रजीत सॅम्युअल इझिकेल दिवेकर, मराठीत सामाजी हस्साजी दिवेकर आणि हिब्रूत शेमुएल बेन येहेज्केल. तिन्ही नावे एकाचीच. जुन्या पिढ्यांत हे सर्रास आहे. शिवाय ऑफिसच्या कागदांत आडनाव गाळून नुसते स्वतःचे आणि वडिलांचे नाव लावत. त्यामुळे ‘एस. इझिकेल’ आणि ‘एस. इ. दिवेकर’ या दोन व्यक्ती समजल्या जातात. पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर ही आडनावे गावावरून आलेली, म्हणून एकाच गावच्या, नाते नसलेल्या घराण्यांचे आडनावही एकच असू शकते. तेव्हा आडनावावरून नाते ठरवू नका.

यासाठी सुरुवातीपासून एक नामपत्रक ठेवा. रकाने असे: ठरवलेले मुख्य नाव, मराठी रूप, इंग्रजी स्पेलिंगची सर्व रूपे, हिब्रू नाव, वडिलांचे नाव, माहेरचे नाव, जन्म-मृत्यूचे वर्ष, कुठल्या फोल्डरमध्ये आढळले. विवाहित स्त्रियांचे माहेरचे नाव जरूर लिहा. केतुबा आणि लग्नपत्रिका एकत्र ठेवून पाहिल्या की ते बहुधा मिळते.

शब्दही तपासून घ्यावे लागतात. जुन्या पावत्यांवर ‘मशीद’ असे लिहिलेले दिसले तर ते बहुधा बेने इस्रायल प्रार्थनालय. शार हरहमीमला जुनी मशीद म्हणत. मुकादम हा प्रार्थनालयाच्या कारभाराचा प्रमुख, गब्बाय खजिनदार, हाझान प्रार्थना चालवणारा, समाश व्यवस्था पाहणारा. यादीत ‘मुकादम’ हा शब्द तसाच ठेवा. ‘अध्यक्ष’ असे बदलून लिहिले तर मूळ कागदाशी मेळ राहत नाही.

तारखा आणि लिप्या

हिब्रू वर्षातून ३७६० वजा केले की इसवी सन मिळतो, मात्र तिश्री महिन्यापासून (सप्टेंबर-ऑक्टोबर) डिसेंबरअखेरपर्यंत ३७६१ वजा करायचे. हिब्रूत वर्ष अक्षरांनी लिहितात आणि हजार गाळतात. तव म्हणजे ४००, शिन ३००, हेत ८. तिन्ही मिळून ७०८, म्हणजे ५७०८, म्हणजे सप्टेंबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. पडताळा म्हणून लक्षात ठेवा: ५ इय्यार ५७०८ म्हणजे १४ मे १९४८. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे संध्याकाळच्या प्रसंगाची हिब्रू तारीख एका दिवसाने पुढची असते. शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९. गुजराती भागीदार असेल तर वहीत संवत येतो. संवत २००४ म्हणजे नोव्हेंबर १९४७ ते पुढची दिवाळी.

पत्रात तारखेऐवजी सण लिहिलेला असतो तिथे जास्त सांभाळा. नव्याचा सण म्हणजे रोश हशाना (यहुदी नववर्ष), दरफळणी म्हणजे योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस), बिरड्याचा सण म्हणजे आव महिन्याची नववी. ‘होळीचा सण’ असे असेल तर तो पुरीम हा यहुदी सण असण्याची शक्यता मोठी. २०२४ मध्ये दोन्ही एकाच दिवशी, २४ मार्चला आले, पण २०२१ मध्ये पुरीम २६ फेब्रुवारीला आणि होळी २८ मार्चला होती, महिनाभर अंतराने. फार जुन्या मजकुरात ‘रमजान’ आला तर तो एलूल महिन्यातल्या उपवासांचा असू शकतो. अशी तारीख यादीत चौकोनी कंसात लिहा आणि मूळ शब्द शेजारी ठेवा.

जमिनीचे जुने कागद आणि चोपड्या मोडीत असतात. मोडी वाचक राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाच्या प्रशिक्षण वर्गांतून तयार झालेले मिळतात. त्यांना मूळ कागद न देता स्कॅन द्या. हिब्रू अक्षरे दिसली म्हणून भाषा हिब्रूच असेल असेही नाही. इराकमधून आलेल्या बगदादी यहुद्यांच्या पेढ्या आपसांतला पत्रव्यवहार हिब्रू लिपीत, पण अरबी बोलीत करत. ससून घराण्याची अशी पत्रे आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. अशा कागदाला ‘हिब्रू’ लिहू नका, ‘हिब्रू लिपी, भाषा तपासणे’ असे लिहा.

हिब्रू पुस्तिका उजवीकडून उघडते. पाने मोजताना आणि स्कॅन करताना आपण सवयीने डावीकडून सुरुवात करतो आणि अख्खी पुस्तिका उलटी नोंदली जाते. पहिल्या पानावर पेन्सिलीने बाण काढून ठेवा.

पान-पान हाताळताना

आधी गंजलेल्या टाचण्या, क्लिपा आणि स्टेपल काढा. ओढू नका, मागच्या बाजूने बोथट पट्टीने पाय सरळ करा आणि मग उचला. रबर बँड वितळून चिकटला असेल तर थंड करून तुकडे उचलता येतात. एकत्र असायला हवी ती पाने आम्लविरहित कागदाच्या घडीत ठेवा, नवी क्लिप लावू नका. सेलोटेप सोलून काढायचा प्रयत्न करू नका आणि नवा कधीच लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच नको. ते उष्णतेने कागदाला कायमचे चिकटते आणि पुढे कोणताही उपाय करता येत नाही.

थर्मल फॅक्सचा गुळगुळीत कागद काही वर्षांत कोरा होतो. त्याची छायाप्रत आजच काढा. वृत्तपत्रांची कात्रणे आम्लयुक्त असतात आणि शेजारच्या पत्रावर तपकिरी छाप उमटवतात. त्यांची प्रत चांगल्या कागदावर घ्या, मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवा. जांभळट कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेले पत्र पाण्याच्या एका थेंबाने पसरते, तेव्हा ओल्या कापडाने काहीही पुसू नका.

कोरे फॉर्म, एकाच छापील पत्रकाच्या दोनपेक्षा जास्त प्रती, अलीकडची बँक स्टेटमेंट हे टाकायला हरकत नाही. लग्नपत्रिका, मलिद्याची (समाजातल्या आभारविधीची) निमंत्रणे, देणगीच्या पावत्या मात्र टाकू नका. शंभर पावत्या म्हणजे एका वर्षातल्या शंभर कुटुंबांचे पत्ते असतात.

यादी

यादी फोल्डरच्या पातळीवर करा. एकेका पत्राची यादी करायला बसलात तर तिसऱ्या पेटीला काम थांबते. एका फोल्डरची नोंद अशी असावी:

पेटी ७, फोल्डर ३ (मूळ जागा क/३/५). प्रार्थनालयाची छप्पर दुरुस्ती: कंत्राटदारांचे अंदाज, देणगीदारांची यादी, महापालिकेशी पत्रव्यवहार. १९५६–१९५९. मराठी, इंग्रजी. ६४ पाने. शेवटची ४ पाने वाळवीने खाल्लेली.

शीर्षकात ‘महत्त्वाची पत्रे’ असे लिहू नका. कोणाची, कशाबद्दल, कधीची, हेच लिहा. पाने मोजून आकडा टाका, म्हणजे उद्या पाने गहाळ झाली तर कळेल. चार-पाच तास बसले तर दिवसाला एक पेटी होते. बत्तीस पेट्यांना दोघांनी शनिवार वगळून काम केले तरी तीन आठवडे धरावेत.

मदतनिधीचे अर्ज, आजारपण, घटस्फोट, लग्नाच्या वादातले जबाब, कोणाच्या कुळाबद्दल घेतलेल्या शंका, समाजांतर्गत गोरे-काळे (‘शुद्ध’ आणि मिश्र कुळाचे) या भेदाच्या तक्रारी: हे फोल्डर जपा, पण बंद ठेवा. लेबलवर ‘बंद’ आणि उघडण्याचे वर्ष लिहा. संबंधित माणसे किंवा त्यांची मुले हयात असतील तोवर, म्हणजे बहुतेक वेळा ७५ वर्षे. समाज लहान आहे आणि पत्रातल्या नातवंडांना सगळे ओळखतात. बंद फोल्डरची नोंदही अशी लिहा, की तिच्यातून नाव उघड होणार नाही.

स्कॅन

कागद ४०० डीपीआय, फोटो ६०० डीपीआय, रंगीतच. ए-फोर आकाराच्या एका पानाची टिफ फाइल सुमारे ४६ मेगाबाइट होते, म्हणजे हजार पानांना ४६ गिगाबाइट. जागा कमी असेल तर टिफ फक्त फोटोंची, केतुबाची आणि दुर्मीळ कागदांची करा, बाकीचे चांगल्या दर्जाच्या जेपेगमध्ये. मोबाइल वापरायचा तर स्टँडवर, दोन्ही बाजूंनी उजेड देऊन, फ्लॅशशिवाय. कोरी वाटणारी मागची बाजूही घ्या. फोटोंच्या पाठीवरच नावे असतात. फाइलचे नाव म्हणजे फक्त क्रमांक: प०७_फ०३_०१२. तीन प्रती करा: एक घरात, एक दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकाकडे, एक क्लाउडवर.

कुठे द्यायचे

संस्था निवडण्याआधी एक कायदा माहीत हवा, कारण इस्रायलला निघालेली कुटुंबे नेमकी इथेच अडकतात. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखिते, अभिलेख आणि ऐतिहासिक वा साहित्यिक मूल्याचे दस्तऐवज पुरावस्तूत मोडतात. त्या देशाबाहेर नेण्याची मुभा केंद्र सरकारला आणि त्याने अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. उल्लंघनाला तुरुंगवासाची शिक्षा आहे. म्हणून जुना केतुबा किंवा नोंदवही सामानात टाकण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे तपासणीसाठी अर्ज करा. स्कॅन कुठेही नेता येतात.

जेरुसलेममध्ये यहुदी इतिहासाचे मध्यवर्ती पुराभिलेखागार १९३९ पासून काम करते, पण मूळ कागद मुंबईच्या संस्थांचे आणि मराठीतले असतील तर ते महाराष्ट्रातच राहिलेले चांगले. इथे मोडी आणि मराठी वाचणारे आहेत, आणि त्या कागदांतली गावे, गल्ल्या, बाजारही इथलेच. व्यवसायाचा भाग एका संस्थेला आणि समाजाचा भाग दुसरीला देऊ नका. दुसरीला स्कॅन द्या.

देणगीपत्र लेखीच करा. त्यात मालकी कधी हस्तांतरित होते, घरच्यांच्या लेखनाचे हक्क कोणाकडे, कोणते फोल्डर किती वर्षे बंद, संस्थेला नको असलेले कागद परत द्यायचे की नाही, आणि कुटुंबाला स्कॅनची प्रत मिळणार का, हे पाच मुद्दे हवेतच. सोबत यादी, नामपत्रक आणि पहिल्या दिवशीचे कपाटाचे फोटो जोडा. ध्वनिमुद्रणही द्या.

संग्रह घरीच ठेवणार असाल तर वर्षातून एकदा सगळ्या पेट्या उघडा. तिश्रीतले सण आटोपले की पाऊस बहुधा सरलेला असतो आणि हवा कोरडी व्हायला लागते. तेव्हा प्रत्येक पेटीचे झाकण काढून वास घ्या, कारण बुरशी डोळ्यांआधी नाकाला कळते. तळाचा फोल्डर पाहा, ओल शोषण्यासाठी सिलिका जेल ठेवली असेल आणि तिचा रंग बदलला असेल तर ती ओव्हनमध्ये १२० अंशांना वाळवून परत ठेवा, आणि तपासणीची तारीख पेटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहा.